‘पोटदुखी, सोनोग्राफी करावी’: चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना खुलं पत्र

पोटाची तक्रार सगळ्यात आधी ज्यांच्या कानावर जाते, त्या सर्व डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

मी रेडिऑलॉजिस्ट आहे. दिवसभर सोनोग्राफी करते, सीटी वाचते. तुमच्या-माझ्यात दुवा असतो तो एका कागदाचा. त्यावर पेशंटचं नाव, वय आणि एक ओळ: ‘पोटदुखी. सोनोग्राफी करावी.’ कधीकधी दुखण्याचाही उल्लेख नसतो, ‘पोटाच्या तक्रारी’ एवढ्यावरच भागवलेलं असतं. कुठं दुखतं, कधीपासून, खाल्ल्यावर की उपाशीपोटी, शौचाला कशी होते, वजन उतरलंय का, यातलं काही नाही. खाली सही.

मग पोटावर जेल लावून पेशंट आडवा झाला की मी विचारते, ‘नेमकं कुठं दुखतं ते एका बोटानं दाखवा.’ पुष्कळ जण गडबडतात. हे कुणी विचारलंच नव्हतं, असं सांगतात. तुम्ही विचारलं असेलही. पेशंट विसरतात, हे मलाही कळतं. पण कागदावर ते आलेलं नसतं आणि मशीनसमोर बसल्यावर माझ्या हातात कागदच असतो.

तर म्हणणं एवढंच आहे की, पेशंटबरोबर प्रश्नही पाठवा. प्रश्न मनाशी नीट ठरवला की अनेकदा लक्षात येतं, त्याचं उत्तर माझ्याकडे नाहीच. ते रक्तात आहे, शौचाच्या नमुन्यात आहे, किंवा हातमोजा घातलेल्या तुमच्याच बोटाला मिळणार आहे. हे सगळं लिहून तू स्वतःच्याच पोटावर पाय आणतेयस, असं एक मैत्रीण म्हणाली. आणीन बापडी.

आधी माझ्या मशीनचं सांगते. सोनोग्राफीत यकृत, पित्ताशय, मूत्रपिंडं, गर्भाशय, अंडाशय चांगले दिसतात. पोटात साठलेलं पाणी दिसतं. स्वादुपिंड दिसलं तर दिसलं, कारण त्याच्या पुढ्यात जठर आणि आतडी असतात आणि त्यांतल्या हवेपुढं ध्वनिलहरींचं काही चालत नाही. आतड्याची भिंत ३ मिलिमीटरपेक्षा जाड झाली असेल, अपेंडिक्स ६ मिलिमीटरच्या वर फुगलं असेल, तर सरावलेल्या हाताला ते सापडतं. पण जठरातला अल्सर, आतड्याच्या आतल्या अस्तराची सूज, छोटा पॉलिप, सुरुवातीचा कॅन्सर यांच्यासाठी हे यंत्र नाही. ‘अल्सर आहे का पाहावे’ असं लिहिलेली चिठ्ठी आली की मी काय पाहावं? तरी रिपोर्ट जातो, ‘कोणताही दोष आढळला नाही’. पेशंट तो प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवतो आणि पुढं वर्षभर सगळ्यांना सांगतो, पोटाची तपासणी झालीय, सगळं ठीक आहे. आतड्याबद्दल त्या कागदात एक अक्षर नसतं.

उलटंही होतं. तक्रार गॅसची, पोट फुगण्याची, आणि सोनोग्राफीत दिसतात पित्ताशयात खडे. आता खडे हे अनेकांच्या पोटात जन्मभर मुकाट पडून असतात. खड्यांचं दुखणं ओळखू येतं: बेंबीच्या वर किंवा उजव्या बरगडीखाली जोराची, एकसारखी कळ, निदान अर्धा तास टिकणारी, उजव्या खांद्याच्या पात्याकडे जाणारी, रात्री झोपेतून उठवणारी. ढेकर दिल्यानं किंवा शौचाला जाऊन आल्यानं ती हटत नाही. असं काही नसताना केवळ माझ्या रिपोर्टवर बोट ठेवून पित्ताशय काढलं, तर पोट पूर्वीसारखंच फुगत राहतं, आणि काहींना वर पातळ शौचाची नवी तक्रार जडते. पित्तरस साठवायला जागा उरली नाही की तो थेट आतड्यात उतरत राहतो, म्हणून. हे जुलाब वर्षानुवर्षं ‘आयबीएस’ (आतड्यात दिसणारा दोष नसताना पोट दुखणं आणि शौच बिघडणं) म्हणून सांभाळले जातात. पित्ताम्ल बांधून ठेवणाऱ्या कोलेस्टायरामीनसारख्या औषधानं त्यांतल्या कित्येकांना आराम पडतो. पण ऑपरेशन आणि जुलाब यांचा मेळ कुणीतरी घालायला हवा.

आयबीएसचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबते, कारण माझ्या टेबलावर येणाऱ्यांत याच मंडळींचा भरणा जास्त असतो. २०१६ मध्ये आलेल्या ‘रोम-४’ निकषांनुसार, गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखत असेल, आणि ते दुखणं शौचाशी निगडित असणं, त्यासोबत शौचाच्या वेळा बदलणं, तिचं रूप बदलणं, या तिन्हींपैकी निदान दोन गोष्टी जुळत असतील, आणि तक्रार सुरू होऊन सहा महिने झाले असतील, तर निदान करायला हरकत नाही. म्हणजे हे निदान प्रश्न विचारून होतं. सगळं तपासून काही सापडलं नाही म्हणून शेवटी चिकटवायची ती चिठ्ठी नव्हे. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या इंग्लंडमधल्या नाइस या संस्थेनं २००८ मध्येच लिहून ठेवलंय की, निकष जुळत असतील तर रक्ताची साधी तपासणी, अंगातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर व सीआरपी, आणि सीलिएकच्या (गव्हातलं ग्लूटेन आतड्याला न सोसण्याच्या आजाराच्या) अँटिबॉडी एवढं बघा. निदान पक्कं करण्यासाठी सोनोग्राफीची गरज नाही आणि कोलोनोस्कोपीचीही, म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून पाहण्याचीही, नाही. सोनोग्राफीची गरज नाही, हे मी लिहितेय, लक्षात घ्या.

शौचाचं रूप विचारायला संकोच वाटतो, दोन्ही बाजूंना. त्यासाठी ब्रिस्टलचा तक्ता आहे, १९९७ चा, सात चित्रांचा. सुट्या कडक गोळ्या म्हणजे पहिला प्रकार, निव्वळ पाणी म्हणजे सातवा. चित्र पुढं केलं की माणसं न लाजता बोट ठेवतात. ‘पोट साफ होत नाही’ या एका वाक्यात किती वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात! कुणाला चार दिवसांतून एकदा होते. कुणाला रोज होते पण कुंथावं लागतं. कुणी दिवसातून तीनदा जातो आणि तरी काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. हा तिसरा माणूस जुलाबाचं औषध घेऊन कंटाळलेला असतो आणि त्याच्या गुदाशयात बोट घालून अजून कुणी पाहिलेलं नसतं.

बोटाचं बोलते आता. शौचावाटे रक्त म्हणजे मूळव्याध, हा हिशेब बहुतेक वेळा बरोबर येतो. म्हणूनच तो घातक आहे. सीटीवर गुदाशयात चांगली मोठी गाठ दिसते, खालच्या भागात, सहज बोटाच्या टप्प्यात. आणि फाइलमध्ये मूळव्याधीच्या मलमाच्या चिठ्ठ्यांची चळत. अशी फाइल समोर आली की रिपोर्ट लिहायच्या आधी मी थोडा वेळ खुर्ची मागं सरकवून बसते. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. पेशंटला कारण सांगा, पडदा ओढा, परवानगी घ्या, हवं तर सोबतीला नर्स बोलवा. तरुण आहे म्हणून सोडू नका. पन्नाशीच्या आतल्यांत मोठ्या आतड्याचा कॅन्सर वाढताना दिसतोय. अमेरिकेत चाळणी-तपासणी सुरू करण्याचं वय २०२१ मध्ये पन्नासवरून पंचेचाळिसावर आणलं गेलं ते त्यामुळेच. आणि ते वय कसलीही तक्रार नसलेल्यांसाठी आहे. ज्याला रक्त दिसतंय त्याच्या जन्मतारखेकडे पाहत बसायचं कारण नाही.

लोहाच्या गोळ्यांचं तसंच. पुरुष असेल किंवा पाळी थांबलेली स्त्री असेल आणि हिमोग्लोबिन उतरलेलं, फेरिटिन (अंगातल्या लोहसाठ्याचं माप) कमी, तर रक्त कुठंतरी गळतंय असं धरून चालावं आणि जठर व मोठं आतडं दोन्ही दुर्बिणीतून पाहून घ्यावं. गोळ्यांनी हिमोग्लोबिन वर येतं, पेशंट खूश होतो, गळती चालूच राहते. अंगात कुठं सूज असली की फेरिटिन खोटंच वर चढतं, तेवढं ध्यानात असू द्या.

शौचाच्या नमुन्याच्या दोन तपासण्या मला फार गुणाच्या वाटतात आणि चिठ्ठ्यांवर त्या क्वचितच दिसतात. पहिली फिट, म्हणजे मानवी रक्ताचा अंश शोधणारी. दर ग्रॅमला १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त हिमोग्लोबिन मिळालं तर पेशंटला पुढं पाठवायचं, असं नाइसनं २०२३ मध्ये लक्षणं असलेल्या पेशंटसाठी सांगितलं. मात्र गुदाशयात गाठ हाताला लागलीय किंवा गुदद्वाराशी न भरणारी जखम आहे, तर फिटची वाट पाहू नये. फिट निगेटिव्ह आलं आणि वजन तरीही उतरत असेल तर निगेटिव्हवर विसंबूही नये. दुसरी कॅल्प्रोटेक्टिन. आतड्याच्या अस्तरात सूज असली की पांढऱ्या पेशींमधलं हे प्रथिन शौचात उतरतं. ५० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्याच्या जुनाट सुजेचे आजार असण्याची शक्यता फार कमी. तरुण मुलगी, महिनोन्‌महिने जुलाब आणि पोटात मुरडा, आयबीएस की आणखी काही? तिला आधी हा नमुना द्यायला सांगा. आयब्युप्रोफेनच्या जातीची वेदनाशामकं चालू असली किंवा नुकताच संसर्ग होऊन गेला असला तरी हा आकडा वाढतो, म्हणून औषधांची यादी आधी विचारावी.

औषधांची यादी तर सगळ्यांनाच विचारावी. मधुमेहाच्या मेटफॉर्मिननं जुलाब होतात, रक्तदाबाच्या व्हेरापामिलनं बद्धकोष्ठ होतं, लोहानं शौच काळी होते. म्हाताऱ्या माणसाला ‘जुलाब’ होताहेत म्हणून ते थांबवायचं औषध दिलं जातं, आणि खरं पाहता गुदाशयात कडक शौचाचा खडा बसलेला असतो, त्याच्या कडेनं पातळ पाणी झिरपत असतं. हेही बोटालाच कळतं, मशीनला नंतर.

काही तपासण्यांची वेळ चुकली की त्या वायाच जातात. सीलिएकची शंका असेल तर रक्त काढेपर्यंत पेशंटचा गहू चालू राहायला हवा. बरेच जण कुठंतरी वाचून आधीच गहू बंद करतात, थोडं बरं वाटतं, मग तपासायला येतात आणि टीटीजी, म्हणजे सीलिएकची अँटिबॉडी, निगेटिव्ह येतं. सोबत एकूण आयजीए मागा, कारण टीटीजी याच प्रकारची अँटिबॉडी मोजतं. ते मुळातच कमी असेल तर निगेटिव्ह टीटीजीला किंमत नाही. एच. पायलोरी या जठरात अल्सर करणाऱ्या जंतूचंही असंच. श्वासाची किंवा शौचातल्या अँटिजनची तपासणी करायची तर अ‍ॅसिडिटीची पीपीआय गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद हवी. रक्तातल्या अँटिबॉडीवरून जंतू आत्ता पोटात आहे की पूर्वी कधी येऊन गेलाय ते समजत नाही. बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये या जंतूचं कल्चर स्वतः पिऊन दाखवलं, २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. त्यानंतरही आपण माणसांना तपासल्यावाचून वर्षानुवर्षं अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांवर ठेवत असू, तर काय म्हणावं!

आणि कृपा करून दोन गोष्टी बंद करा. एक, कोणतं अन्न सोसत नाही ते शोधायला काढलेले शंभर-दोनशे पदार्थांच्या आयजीजी अँटिबॉडींचे तक्ते. त्यांतून एवढंच कळतं की माणूस ते पदार्थ खातो. दुसरं, निदान शोधण्यासाठी सीईए ही कॅन्सरची रक्ततपासणी. कॅन्सर ठरल्यावर उपचारांचा माग ठेवायला ते उपयोगी. सिगारेट ओढणाऱ्याचं नुसतंही वाढलेलं असतं, आणि सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये नॉर्मल येऊन ते फसवतं.

पन्नाशी ओलांडलेल्या बायकांबद्दल मला वेगळं लिहायचंय. पोट फुगतं, चार घास खाल्ले की भरल्यासारखं होतं, लघवीला सारखं जावं लागतं, कमरेला कपडे घट्ट व्हायला लागलेत. अशा एका बाईंची चिठ्ठी ‘गॅसेस’ म्हणून आली होती, सोनोग्राफी फक्त वरच्या पोटाची मागितलेली. यकृत, पित्ताशय, सगळं व्यवस्थित. प्रोब उचलण्याआधी मी सहज खाली सरकवला. बेंबीच्या खाली पाणी होतं, आणि डाव्या अंडाशयाच्या जागी गाठ. चिठ्ठीवर ‘वय ५८, पोट फुगणे, नव्याने सुरू’ एवढं असतं तरी मी सुरुवातच ओटीपोटापासून केली असती. या वयात आयबीएस पहिल्यांदा उपटणं हेच मुळी विरळा. म्हणूनच अशा स्त्रीला ते नाव देण्याआधी सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी) आणि गरज वाटल्यास ओटीपोटाची सोनोग्राफी करावी, हा नियम आहे.

याच्या उलट टोकाचं एक सांगते. तिशीतला मुलगा, फाइल हातभर जाड. सोनोग्राफ्या, सीटी, दोन्ही बाजूंनी दुर्बिणी, सगळं नॉर्मल. आता ‘मानसिक’ असा शेरा. ‘एका बोटानं दाखवा’ म्हटल्यावर त्यानं बेंबीच्या उजवीकडे, स्नायूच्या कडेला बोट टेकवलं, रुपयाएवढ्या जागेवर. मी तिथं दाबून धरलं आणि त्याला म्हटलं, हात न टेकवता डोकं आणि खांदे वर उचल. तो कळवळला. दुखणं पोटाच्या आत असतं तर ताठ झालेल्या स्नायूंनी त्याला आडोसा दिला असता आणि कळ कमी झाली असती. वाढली, म्हणजे दुखणं पोटाच्या स्नायूंच्या भिंतीत आहे. अमेरिकन सर्जन कार्नेट यांनी ही खूण १९२६ मध्ये सांगितली. भिंतीतून बाहेर येणारी छोटी नस तिथं दाबली गेली होती; भूल देणाऱ्या औषधाचं एक इंजेक्शन त्या जागी दिल्यावर त्याचा चेहरा उजळला. त्याच्या फाइलमध्ये पोटाच्या सीटी तीन होत्या. पोटाच्या एका सीटीत साधारण ८ ते १० मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग अंगात जातो. निसर्गातून माणसाला जगात सरासरी वर्षाला २.४ मिळतो. सीटीला घाबरा असं मी म्हणत नाही, जिथं हवी तिथं ती जीव वाचवते. पण या मुलाला डोकं उचलायला लावणं फुकट होतं.

दुर्बीण करणाऱ्यांकडे पाठवतानाही प्रश्न लिहा, कारण तिथली फसगत आणखी निराळी. साठीच्या बाईंना दिवसरात्र पाण्यासारखे जुलाब होतात, कोलोनोस्कोपीत अस्तर गुलाबी, स्वच्छ, काही खोट नाही. रिपोर्ट नॉर्मल. सूज फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसते असा मायक्रोस्कोपिक कोलायटिस नावाचा आजार असतो. मोठ्या आतड्याच्या उजव्या आणि डाव्या दोन्ही बाजूंचे तुकडे घेतल्याशिवाय तो सापडत नाही. ‘जुनाट पातळ जुलाब, अस्तर नॉर्मल दिसले तरी बायॉप्सी घ्यावी’ असं चिठ्ठीत असेल तर दुसऱ्यांदा पोट धुऊन काढायची वेळ येत नाही. क्रोन्सची शंका असेल तर लहान आतड्याच्या टोकात शिरून पाहायला सांगा. क्षयाची शक्यता असेल तर तेही लिहा, कारण दुर्बिणीखाली क्रोन्स आणि आतड्याचा क्षय भावंडांसारखे दिसतात, आणि क्षय असताना क्रोन्सची स्टेरॉइड दिली तर माणूस जिवानिशी जाऊ शकतो.

ज्यांना माझ्याकडे पाठवूच नये असेही काही असतात, किंवा पाठवायचे तर हॉस्पिटलमधून. बेंबीभोवती सुरू होऊन उजव्या ओटीपोटात उतरलेली कळ, खोकल्यावर वाढणारी. फळीसारखं कडक पोट. हृदयाचे ठोके अनियमित असलेला वृद्ध माणूस, वेदनेनं तळमळतोय आणि पोट मात्र हाताला मऊ लागतंय: आतड्याचा रक्तपुरवठा तुटलाय का, हे बघायला तासाचाही उशीर नको. वरच्या पोटात दुखणाऱ्या मधुमेह्याचा ईसीजी आधी काढा. मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक स्त्रीची गर्भधारणेची तपासणी आधी करा, ‘शक्यच नाही’ म्हणाली तरी. मुलगा असेल तर पँट उतरवून वृषणं आणि जांघा पाहा. पीळ पडलेलं वृषण पोटदुखी म्हणून येतं आणि त्याच्याकडे मोजके तास असतात. आणि दुखणं कमी करणारं इंजेक्शन द्या. त्यानं निदान झाकलं जातं, ही जुनी शिकवण खोटी ठरलीय.

आता आमच्या बाजूचं. ‘लक्षणांशी पडताळून पाहावे’ ही आम्हा रेडिऑलॉजिस्टांची आवडती पळवाट आहे आणि तुमचा तिच्यावर राग आहे, तो रास्त आहे. ज्या चिठ्ठीत प्रश्न असेल तिच्या रिपोर्टच्या पहिल्याच ओळीत त्या प्रश्नाचं उत्तर असेल: आहे, नाही, किंवा या तपासणीतून सांगता येत नाही. गॅसमुळे स्वादुपिंड दिसलं नाही तर ‘दिसलं नाही’ असंच लिहीन, ‘नॉर्मल’ लिहिणार नाही. वाटेत सापडलेला दोन मिलिमीटरचा निरुपद्रवी सिस्ट शेवटी जाईल, ठळक अक्षरांत वर येणार नाही. आणि काही भयंकर दिसलं तर पेशंटच्या हाती लिफाफा देण्याआधी तुम्हाला फोन करीन. त्यासाठी सहीखाली तुमचा चालू नंबर तेवढा लिहीत जा.

आपली,
एक रेडिऑलॉजिस्ट